ओटा छोटा, संसार मोठा!

किचन सात बाय आठ, त्याला चिकटून तीन फुटांची ड्राय बाल्कनी. ठाणे असो, वाकड असो की डोंबिवली, वन बीएचकेच्या ब्रोशरमध्ये हे वाचायला जाम क्यूट वाटतं. पझेशन मिळालं आणि सामान आलं की मग कळतं, की कुकर ठेवला तर परातीला जागा नाही आणि परात ठेवली तर मिक्सर हॉलमध्ये! मग धावत ट्रॉलीवाल्याला फोन. तो येतो, दोन भिंती मोजतो, कॅटलॉगमधला चकचकीत फोटो दाखवतो आणि तुमचे दोन-तीन पगार घेऊन जातो. सहा महिन्यांनी परात पुन्हा फ्रिजच्या डोक्यावरच!

का? कारण त्यानं भिंती मोजल्या. तुमची भांडी मोजलीच नाहीत.

फ्रँकफुर्टचा फंडा

बिल्ट-इन स्टोरेजची आयडिया काही मॉलवाल्यांची नाही. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टनं जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटंसं किचन डिझाइन केलं. आकार सुमारे 1.9 मीटर बाय 3.4 मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण 70 चौरस फूट. तांदूळ, साखर यांसाठी तिनं ॲल्युमिनियमचे खण दिले, ओढायचे आणि थेट ओतायचे. इस्त्रीचं टेबलही भिंतीला दुमडणारं. प्रत्येक वस्तू कुठे आणि किती वेळा लागते हे बघून तिची जागा ठरवलेली.

पण या किचनवर एक टीका कायम झाली. तिथे एका वेळी एकच जण काम करू शकायचा. आपल्याकडे आता दोघंही आठला घरी पोचतात, एक कुकर लावतो आणि दुसरा कोशिंबीर चिरतो. म्हणून ट्रॉल्यांची ऑर्डर देण्याआधी एक सोपी टेस्ट करा. ट्रॉली बाहेर ओढल्यावर जेवढी येईल, तेवढा पेपर ओट्यापुढे जमिनीवर अंथरा. आता दुसऱ्याला मागून जाता येतंय का बघा. येत नसेल, तर चहा-साखर, सुरी आणि चिरायचा पाट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला हलवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात!

गुडघा ते खांदा

रोज लागणारी प्रत्येक वस्तू तुमच्या गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली हवी. मिसळणाचा डबा, तवा, कुकर, ताटं सगळं याच पट्ट्यात. मोदकपात्र, पुरणयंत्र आणि चकलीचा सोऱ्या खुशाल माळ्यावर जाऊ द्या, ते काही दर मंगळवारी लागत नाहीत. पिठाचा मोठा डबा मात्र माळ्यावर नकोच. स्टुलावर उभं राहून दहा किलो उतरवणं म्हणजे कंबरेला आमंत्रण. आणि 'खांदा' कोणाचा, तर घरात सगळ्यात बुटकं कोण असेल त्याचा. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांचाही विचार करा.

ओट्याखाली खोल कपाट करू नका, त्याऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण करा. 24 इंच खोल कपाटात मागे गेलेली डाळ थेट किडे झाल्यावरच भेटते. चॅनल किती किलो पेलतो, हे सुताराला आधी विचारा. फ्रिज आणि भिंतीत फूटभर फट उरली असेल, तर तिथे उंच, अरुंद पुलआउट सही बसतं. सिंकखाली मात्र साधी प्लाय नको. तिथे ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी बोर्ड वापरा, आणि पाइपपर्यंत हात जाईल इतकी जागा ठेवा.

सिलिंडर लपवा, कोंडू नका

सुंदर शटरमागे सिलिंडर बंद करण्याची फॅशन आहे. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. म्हणून त्या शटरला अगदी तळाशी जाळी हवीच. आत स्विचबोर्ड नको. गॅसची नळी ट्रॉलीमागे दाबून टाकू नका. ती दिसली पाहिजे, तपासता आली पाहिजे आणि मुदतीत बदलता आली पाहिजे. या एका बाबतीत 'लुक्स'शी तडजोड चालेल, जाळीशी नाही.

ड्राय बाल्कनीचं गणित

फ्रंट लोड मशीन साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 सेंटिमीटर उंच असतं. 85 सेंटिमीटर म्हणजे साडेतेहतीस इंच. आपला ओटा बहुधा 32 ते 34 इंचांवर, त्यातही दगडाची जाडी गेली. म्हणजे 'मशीन ओट्याखाली सरकवू' हा प्लॅन फसतो! त्यापेक्षा बाल्कनीत मशीनवर 36 इंचांवर वेगळी फळी टाका, कपड्यांच्या घड्या घालायला आयतं टेबल. मागे नळ आणि पाइपसाठी तीन-चार इंच सोडायला विसरू नका. टॉप लोड असेल तर झाकण पूर्ण उघडून उंची मोजा आणि वरचं कपाट त्याच्याही वर लावा.

पावसाची झड येते तिथे प्लाय फुगते, म्हणून इथेही ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी. मळक्या कपड्यांच्या कप्प्याला जाळीचं दार हवं, नाहीतर जुलैमध्ये वास घमघमेल. वाळत घालायला छताला पुलीच्या नळ्या लावा, जमीन मोकळी राहते. बाल्कनी बंद करायचा विचार असेल तर आधी सोसायटीला विचारा.

घर भाड्याचं असेल तर?

अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर भिंतीला ड्रिल मारून डिपॉझिट कशाला गमवायचं? चाकांची तीन कप्प्यांची ट्रॉली, मशीनवर उभा राहणारा रॅक, दाराला अडकवायचे हुक आणि आईकडची स्टीलची मांडणी पुरे. मांडणी आउटडेटेड वाटेल, पण तिच्यात काय आहे आणि काय संपलंय ते एका नजरेत दिसतं. घर बदललं की तीही टेम्पोत चढते.

तर या शनिवारी शोरूमला जाण्याआधी एक तास घरीच काढा. सगळी भांडी ओट्यावर मांडा, सगळ्यात मोठ्या परातीचा व्यास आणि सगळ्यात उंच डब्याची उंची कागदावर लिहा. वर्षभरात हातही न लागलेलं सामान वेगळं करा. उरलेली यादी सुताराच्या हातात द्या, कॅटलॉग नंतर बघा!