देवाच्या नावावर मांडलेला हिशेब

मागील प्रायश्चित्तकाळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे सहलीसाठी खडवलीला गेली होती. आम्हीही त्यांच्यासमवेत होतो. भातसा नदीच्या काठी जेवणे झाली आणि उरलेले अन्न जवळच्या वीटभट्टीवरील कातकरी मुलांना वाटण्यात आले. तेथील एका बाईशी आम्ही थोडे बोललो. लग्नापायी उचल किती घेतली, हे तिने चटकन सांगितले. त्यातील किती फिटली, हे तिला सांगता येईना. वही शेठकडे होती. परतताना आगगाडीत नेमाने मिस्सेला येणारे एक सद्‌गृहस्थ म्हणाले, “फादर, ज्याचे त्याचे नशीब! देवाने एकेकाला एकेका जागी ठेवले आहे.” त्यांना कोणीही विरोध केला नाही. आम्हीही नाही. ते मौन आज आम्हाला मोडावयाचे आहे.

पावसाळ्यात पाड्यावर हाताला काम नसते, तेव्हा उचल घेतली जाते. दिवाळी सरली की ठाणे-पालघरच्या पाड्यांवरील कुटुंबे भट्ट्यांवर येतात. नवरा-बायको जोडीने राबतात. मजुरी हजार विटांमागे ठरते. आठवड्याला बाजारापुरती खावटी मिळते आणि उरलेला हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो. त्या हिशेबात कर्ज उरले, की पुढचा हंगामही बांधला गेला! सर्वच भट्ट्यांवर असे घडते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जेथे घडते, तेथे ते केवळ मालकाच्या बळावर टिकत नाही. तुमच्या-आमच्या समजुती त्याला टेकू देतात.

पहिली समजूत नशिबाची. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की हे कोणाच्या पापाचे फळ? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आपण मात्र शिष्यांच्या त्या प्रश्नापाशीच घुटमळत आहोत. बाप्तिस्मा घेऊनही पूर्वकर्माची भाषा आपण सोडली नाही. तिला ‘देवाची इच्छा’ असे ख्रिस्ती नाव तेवढे दिले. देवाच्या इच्छेने वीट पाडली जात नाही, आणि त्याच्या इच्छेने मजुरीही बुडत नाही.

दुसरी समजूत अधिक धोक्याची, कारण ती शुभवर्तमानाचा आधार घेते. गोरगरीब सदैव तुमच्याजवळ राहतील, असे प्रभू बेथानीत म्हणाला. मग आपण काय करणार, असा सवाल केला जातो. हे बोल मोशेच्या नियमशास्त्रातील आहेत. अनुवादाच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडून पाहावा. गरीब राहतील म्हणून हात आखडा, असे तेथे सांगितलेले नाही. म्हणूनच हात सैल सोडा, अशी आज्ञा आहे. त्याच अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफीचा आणि दासाला रिकाम्या हाताने न पाठवण्याचा नियम आहे. ज्या वचनाने ऋणको सुटावा, त्याच वचनाने आपण त्याला बांधून ठेवले!

तिसरी समजूत व्यवहाराची. “उचल स्वखुशीने घेतली, अंगठा दिला, मग फेडायला नको?” परमगुरू तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात याचे उत्तर दिले आहे. गरजेपोटी कामगाराने कठोर अटी पत्करल्या, तर ती त्याची खुशी नव्हे; तो बळजबरीचा बळी होय. १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही राज्यघटनेच्या कलम २३ नुसार वेठबिगारीच ठरवली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द झाले असून ते वसूल करणे हाच गुन्हा आहे. तेव्हा न फेडणारा मजूर बेइमान नव्हे. वही पुढे करणारा गुन्हेगार आहे.

चौथी समजूत, “पैसे दिले तरी दारूतच घालवतील.” आपल्या लग्नमांडवांत किती बाटल्या रिकाम्या होतात, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यापायी आपला पगार कोणी अडवून ठेवल्याचे आम्ही ऐकले नाही.

आपल्या या जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत. त्यांना ‘लगीनगडी’ म्हणत. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेमागे वारली उभे राहिले, तेव्हा ही गुलामी हादरली. १९८२ पासून विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वसईत वेठबिगार सोडवण्यास आरंभ केला. लाल बावटा आम्हाला परका असेल. पण त्या वेळी क्रूस हाती घेणारे आपण कोठे होतो? शाळा व दवाखाने चालवत होतो, हे खरे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु उरलेले अन्न वाटणे वेगळे आणि बुडालेली मजुरी मिळवून देणे वेगळे. पहिल्याने आपले मन हलके होते. दुसऱ्याने त्यांचे ओझे.

हे आम्ही निर्दोष होऊन लिहीत नाही. धर्मग्रामाच्या सभागृहासाठी विटा घेताना आम्ही दरासाठी घासाघीस केली; त्या पाडणाऱ्यांचे काय झाले, हे विचारले नाही. त्याच भिंतींच्या आत आम्ही न्यायावर प्रवचने दिली.

२०२५ साली निवडलेल्या परमगुरूंनी चौदावे लिओ हे नाव धारण करताना १८९१ च्या त्याच परिपत्रकाचे स्मरण केले. आपणही एवढे तरी करावे. घर बांधताना विटेच्या दराबरोबर मजुरीचाही प्रश्न विचारावा. कोणी अडकलेला आढळला, तर त्याच्यासोबत प्रांताधिकाऱ्यांच्या कचेरीत जावे. मुक्तीचा दाखला मागावा. जिल्ह्याच्या व उपविभागाच्या दक्षता समितीकडे दाद मागावी. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचा पैसा त्या फेऱ्यांच्या प्रवासखर्चासाठी वापरला, तर तो उपवास सार्थकी लागेल.

खडवलीच्या त्या बाईला आपले देणे किती उरले, हे ठाऊक नाही. आपले तिला किती देणे आहे, हे आपल्यालाही ठाऊक नाही. मात्र ती दुसरी वही शेठकडे नाही. ती ज्याच्याकडे आहे, त्याच्यापुढे नशिबाची सबब चालणार नाही.