चोर म्हणण्याआधी

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात धाम नदीच्या काठावर पवनार येते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच गावात विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला आणि चार दिवसांनी त्यांना अटक झाली. बचाव न मांडता शिक्षा पत्करणे ही सत्याग्रहाची रीतच होती. अन्यायाचा कायदा आपण जाणूनबुजून मोडला, हे तर त्याला जगाला सांगायचे असे.

पण ज्याने काही केलेलेच नाही, त्याने काय करावे? शेतातली पाण्याची मोटार नाहीशी होते. घरातल्या डब्यातली साखळी सापडत नाही. संशय मजुरावर किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईवर जातो, नाहीतर गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावर. मग चार शहाणे सांगतात, ''कबूल करून टाक, पैसे भर आणि मोकळा हो.'' हा सल्ला माणसाला मोकळा करत नाही. तो त्याला जन्मभराचा चोर करतो.

चोरी म्हणजे काय, हे कायद्याने नेमके सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. चोरीचे कलम ३७९ जाऊन ३०३ आले. व्याख्या मात्र तीच राहिली. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. यातला एक दुवा निसटला तरी आरोप कोसळतो. लग्नघरातून चुकून दुसऱ्याची चप्पल घालून आलेला माणूस चोर नव्हे. वस्तू आपलीच आहे असे प्रामाणिकपणे समजून ती उचलणाराही चोर ठरत नाही. तो वाद दिवाणी न्यायालयाचा. मात्र ही समजूत खरी होती, हे परिस्थितीवरून दिसावे लागते. नुसते म्हणून भागत नाही.

दुसरा मुद्दा मुद्देमालाचा. चोरीनंतर लगेच माल कुणाकडे सापडला, तर तोच चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'शकते' हा शब्द महत्त्वाचा. माल कुठून आला याचा पटण्याजोगा खुलासा दिला, तर हे गृहीत टिकत नाही. म्हणून जुना मोबाइल किंवा सायकल घेताना साध्या कागदावर का होईना, पावती घ्यावी. तो कागद उद्या वकिलाइतकाच कामी येतो.

तिसरा मुद्दा कबुलीचा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणूनच पंचनाम्यावरचे पंच खरोखर जागेवर होते काय, हा प्रश्न बचावाचा वकील पुन्हा पुन्हा विचारतो. लोकांना तो कीस पाडणे वाटतो. निर्दोष माणसाचे सारे आयुष्य त्या उत्तरावर टांगलेले असते.

अटकेचेही नियम आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, कारणे नोंदवावीत, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले. साधी चोरी यातच मोडते. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने अशा प्रकरणात वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा होते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. एवढी माहिती घरात एकाला तरी हवीच.

ती नसली की काय होते? नाशिक जिल्ह्यातल्या २००३ सालच्या दरोडा-खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना गोवण्यात आले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने चूक मान्य करून सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षांची भरपाई पाच लाखांत होते काय? आणि खरे गुन्हेगार?

ब्रिटिशांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला; आपल्या मनातला अजून झालेला नाही. ज्याचे चोरीला गेले त्याचे दुःख खरेच असते. पण चुकीचा माणूस धरल्याने ते कमी होत नाही. खरा चोर मात्र निर्धास्त होतो.

याच विनोबांपुढे १९६० साली चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी बंदुका ठेवल्या. त्यांच्यावरही पुढे रीतसर खटले चालले. ज्यांनी स्वतःहून शस्त्रे टाकली त्यांनाही न्यायालयात म्हणणे मांडण्याची संधी मिळाली. मग आपल्या दारातल्या मजुराला ती का नसावी? उद्या घरातली साखळी सापडली नाही, तर कामवाल्या बाईचे नाव घेण्याआधी डबा पुन्हा एकदा उपडा करून पाहावा.