'पाणी' म्हण!

मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. तिसऱ्या पाळीला धागा तुटला, तर धाग्याला शिव्या देत नाही. वाकतो, टोक शोधतो, जोडतो. तोच धागा सारखा तुटायला लागला, तर मशीनमध्ये काय बिघडलंय ते बघतो.

शाळेत उलटं. पोर तुटलं की दोष पोराचाच.

चौथीत होतो. गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं. मी 'पानी' वाचलं. "पाणी म्हण!" पुन्हा 'पानी'च आलं. वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, "यांच्या जिभेला 'ण' चिकटायचा नाही." 'यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्या दिवसापास्नं मी हात वर केला नाही. आठवीत शाळा सुटली. पुढचं सगळं वाचन विहारातल्या कपाटातलं, पाळी संपल्यावरचं.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरनं आणलेल्या गोणपाटावर बसले. शिपाई नसेल तर पाणी नाही. २० मार्च १९२७ ला महाडला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आज मी पाण्याला शिवू शकतो, पण वर्गात 'पानी' म्हणू शकत नाही. गोणपाट गेलं, बाक आला. पण बाकावर बसवलं म्हणजे शिकवलं, असं होत नाही दोस्तहो! हजेरीपटावर नाव चढलं की 'समावेश' झाला म्हणतात. झाला? मग मोजा : प्रश्न कुणाला विचारतात, झाडू कुणाच्या हातात देतात, स्कॉलरशिपवाल्यांना उभं करताना आवाज कसा बदलतो.

कुणी म्हणेल, मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? शिकवा ना! मला ती हवीच होती. 'पानी' तुझ्या आईचं, 'पाणी' पुस्तकातलं, दोन्ही तुझीच, एवढं एकदा सांगितलं असतं, तर 'ण' आठवड्यात आला असता. ही दया नव्हे. हेच शिकवणं.

आणि हे जमतं. मुक्ता साळवे, मांग समाजातली पोरगी, फुल्यांच्या शाळेत शिकली. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या शाळेनं तिचं दुःख तिच्याच हातानं लिहू दिलं. आम्हाला निबंध 'मामाच्या गावची सुट्टी'. आमचा मामा ऊसतोडीला. त्याचं गाव म्हणजे उसाचा फड. काय लिहायचं?

आता आपल्यावर येतो. १४ एप्रिलला आपण डॉल्बी लावतो आणि वर्षभर शाळेचं फाटक ओलांडत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम १७ नं मारायला बंदी, मानसिक छळालाही बंदी. 'यांच्या जिभेला' हा छळच आहे. कलम २१ सांगतं, सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊण सभासद पालक, निम्म्या बाया, आणि वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीच्या जागेवर कोण बसलंय, कुणी विचारलंय का? विचारा. वस्तीतल्या आयांना तिथं बसवा. 'पानी' म्हणणाऱ्या आयांनाच बसवा. त्या बैठकीत बोलतील आणि गुरुजी ऐकतील.

गुरुजी, धागा जोडायचा तर वाकावं लागतं. आम्ही रोज रात्री वाकतो. तुम्ही वाकत नसाल, तर आम्ही मशीनच उघडून बघणार.

जय भीम!