पालवणकर बाळू: चेंडू टाकणे ही मजुरी होती तेव्हा

१/ पालवणकर बाळू यांची कथा बहुधा एका इंग्रज साहेबाच्या उदारपणापासून सुरू होते. कॅप्टन ग्रेग यांना सरावासाठी गोलंदाज हवा होता, त्यांनी बाळूंच्या हाती चेंडू दिला आणि भारताला पहिला थोर फिरकी गोलंदाज लाभला. ही मांडणी तपासून पाहणे आवश्यक आहे.

२/ बाळूंचा जन्म १८७६ सालचा, चांभार कुटुंबातला. वडील लष्कराच्या चाकरीत. पुण्यात त्यांनी आधी पारशी क्लबात खेळपट्टीची झाडलोट केली, महिना तीन रुपयांवर. पुढे १८९२च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर लागले. रोलर फिरवणे, जाळी उभारणे, टेनिसचे कोर्ट आखणे ही त्यांची कामे.

३/ त्यातच साहेबांना चेंडू टाकण्याची भर पडली. बाद केल्यास ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली, तर आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटत असे. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची.

४/ युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे.

५/ प्लेगच्या काळात ते मुंबईस गेले. लष्कर, मग बी.बी.सी.आय. रेल्वे, पोट नोकरीवर, नाव गोलंदाजीवर. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी नमवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात संघाची वाताहत झाली. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले.

६/ तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

७/ ग्रेग सराव करत होते तो स्वतःच्या फलंदाजीसाठी. बाळूंची फिरकी घडली ती रोजच्या शेकडो चेंडूंतून, म्हणजे श्रमातून. त्या श्रमाला साहेबाची कृपा म्हणणे म्हणजे कमावलेल्या मजुरीला भीक ठरवणे होय.

८/ आजही मोठ्या फलंदाजांना जाळीत चेंडू टाकणारी, खेळपट्टी राखणारी माणसे धावफलकावर दिसत नाहीत. बाळूंचे स्मरण करायचे तर ते केवळ अन्याय सोसलेला खेळाडू म्हणून नव्हे, तर आपल्या कामात निष्णात असलेला कामगार म्हणूनही व्हावे.