नौकाशर्यत आणि काठावरचे आपण

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या हैदराबाद-सिकंदराबादेतील मराठी घरांतून अमेरिकेस जाणाऱ्यांची संख्या वाढते. इकडे ऊन तापलेले असते, तिकडे वसंत सुरू झालेला असतो आणि नातवंडांच्या शाळा अद्याप चालू असतात. या मुक्कामात अलीकडे एक नवा कार्यक्रम काही आजी-आजोबांच्या वाट्यास येऊ लागला आहे. शनिवारी पहाटे चारला उठायचे, दोन-तीन तास मोटारीने प्रवास करून एखाद्या नदीकाठी पोहोचायचे आणि हायस्कुलात शिकणारी नात ज्या नौकेत बसली आहे तिची शर्यत पाहायची. या स्पर्धेला तिकडे 'रिगाटा' म्हणतात. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या पिढीला हा खेळ परका वाटतो. तसा तो अगदीच परका नाही. आपल्या हुसेनसागरावर राष्ट्रीय पातळीवरील नौकाशर्यती झालेल्या आहेत. आणि नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला, तर २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय चौकडीत होता.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला या शर्यतींविषयी जे सांगावयाचे आहे, ते प्रामुख्याने मुलांच्या वजनाविषयी आहे. परंतु तेथे गेल्यावर काय दिसते, याची थोडी कल्पना आधी दिलेली बरी.

खरे म्हणजे फारसे काही दिसत नाही. वसंतातील शालेय शर्यत बहुधा १५०० मीटरची असते. आठ वल्हेकऱ्यांची नौका ती पाच-सहा मिनिटांत संपविते. प्रारंभ इतका दूर असतो की काठावरच्या माणसाला शेवटचे दोन-तीनशे मीटरच काय ते दिसतात, आणि तेवढ्यात आपली नौका कोणती हे ओळखेपर्यंत शर्यत संपते. या पाच मिनिटांसाठी सारा दिवस काठावर काढावा लागतो. शरद ऋतूतील शर्यती याहून लांब, सुमारे पाच किलोमीटरच्या असतात. त्यांत नौका ठरावीक अंतराने एकामागून एक सुटतात व क्रम घड्याळावरून लागतो. त्यामुळे डोळ्यांसमोर पुढे असलेली नौका निकालात मागे पडलेली असू शकते. बॉस्टनची १९६५ पासून चालत आलेली 'हेड ऑफ द चार्ल्स' ही या प्रकारातील विख्यात शर्यत.

वल्हेकरी पाठमोरे बसतात. पुढचे पाहतो तो एकटा 'कॉक्स', म्हणजे सुकाणू सांभाळणारा आणि ताल देणारा मुलगा वा मुलगी. तेव्हा काठावरून आपण केलेला आरडाओरडा त्यांच्या काहीही उपयोगाचा नसतो. आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. वल्ह्याचे पाते पाण्यात अडकले की दांडा उलटा येऊन छातीवर आदळतो; कधी मूल नौकेबाहेरही फेकले जाते. याला त्यांच्या भाषेत 'खेकडा पकडणे' म्हणतात. कसलेल्या खेळाडूंच्या हातूनही हे घडते. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर "कोणामुळे हरलात?" हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना माझी विनंती आहे, की आठ जणांच्या नौकेत त्याचे उत्तर शोधू नये. घरात ते उत्तर एकदा दिले गेले की सोमवारी ते शाळेत पोहोचते.

पाण्याविषयी दोन शब्द. वल्हेकरी सहसा जीवरक्षक जाकीट घालीत नाहीत, म्हणून पोहता येणे ही या खेळाची पहिली अट आहे. मार्च-एप्रिलमध्ये हवा उबदार वाटली तरी नदीचे पाणी अतिशय थंड असते, आणि अशा पाण्यात अचानक पडल्यास श्वास एकदम आत ओढला जाऊन नाकातोंडात पाणी जाते. नौका उलटली तरी तरंगते. तिला धरून राहायचे, किनारा जवळ दिसला तरी पोहत सुटायचे नाही, हे मुलाला शिकविले आहे का, एवढे प्रशिक्षकास अवश्य विचारावे. मेघगर्जना ऐकू आली की शर्यत थांबते आणि शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास तरी कोणी पाण्यावर जात नाही. इतक्या दुरून आलो म्हणून आयोजकांशी हुज्जत घालणारे पालक त्या वेळी अत्यंत अशोभनीय दिसतात.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतील अनेक शालेय स्पर्धांत 'लाइटवेट' अर्थात हलक्या वजनाचा गट वर्षानुवर्षे चालत आला. शर्यतीपूर्वी मुलांना काट्यावर उभे करतात आणि ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्यांनाच त्या गटात प्रवेश देतात. या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात, की अंगाने लहान मुलांना यामुळे संधी मिळते. आपल्याकडच्या मुलांची चण तर साधारणपणे लहानच असते, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्या पालकांना लगेच पटतो. मुलाचे नैसर्गिक वजनच मर्यादेच्या बरेच आत असेल तर माझीही हरकत नाही. परंतु मर्यादेत बसण्यासाठी एक किलोसुद्धा उतरवावा लागत असेल, तर पालकांनी मुलाला त्या गटात उतरू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधराव्या वर्षी वजन वाढणे हा दोष नव्हे, ती वाढ आहे. मुलींच्या शरीरात या वयात जी चरबी येते ती निसर्गाने नेमून दिलेली आहे. वाढत्या शरीराला एक आकडा बांधून देणे आणि हंगामभर त्याच आकड्यावर उभे राहण्यास सांगणे, हे वैद्यकीय दृष्ट्या मला असमर्थनीय वाटते. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही २०१७ मध्ये तरुण खेळाडूंच्या घातक वजनघटीविषयी सविस्तर मार्गदर्शन केले आहे. ऑलिंपिकमध्ये १९९६ साली आलेला हा गट २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर वगळण्यात आला. प्रौढांच्या सर्वोच्च स्पर्धेतून जे गेले, ते मुलांसाठी राखून ठेवण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

कॉक्सची गोष्ट वेगळी, पण तितकीच महत्त्वाची. लहान चणीची मुले बहुधा या जागेसाठी निवडली जातात आणि "आणखी थोडी हलकी झाले तर नौका पळेल" असा समज करून घेतात. वस्तुतः कॉक्सच्या वजनालाही किमान मर्यादा असते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती ५५ किलो आहे, आणि वजन कमी भरल्यास फरकाइतके ओझे, म्हणजे वाळूच्या पिशव्या वगैरे, नौकेत ठेवावे लागते. मर्यादेखाली उपाशी राहून काहीच पदरात पडत नाही. हे मुलांना ठाऊक असते. आई-वडिलांना क्वचितच असते.

मुले वजन कसे उतरवितात? नाश्ता टाळतात, आदल्या दिवशी पाणी तोडतात, दोन-दोन स्वेटर चढवून धावतात. पुढचे परिणाम हळूहळू येतात. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर प्रथम जे काम बंद करते, त्यांत मासिक पाळी येते. पूर्वी याचा विचार केवळ मुलींच्या संदर्भात होत असे; २०१४ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी ऊर्जेच्या या तुटीची व्याख्या व्यापक केली असून मुलगेही तिच्यात येतात. हाडांची जी पुंजी आयुष्यभर पुरवायची ती याच वयात साठते. बरगडीच्या हाडाला ताणाने सूक्ष्म तडा जाणे ही वल्हेकऱ्यांची ओळखीची दुखापत आहे. खोकताना, दीर्घ श्वास घेताना किंवा कुशीवर वळताना छातीच्या एका बाजूस दुखत असेल, तर मलम चोळून शर्यतीला पाठवू नये. आणि अशा मुलीला पाळीविषयी विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली, असे आपण डॉक्टरांनीही मानू नये.

आपल्या घरांत हा प्रश्न विचारला जात नाही, ही खरी अडचण आहे. जून महिन्यात सुट्टीवर आलेली एक सोळा वर्षांची मुलगी थकव्यासाठी माझ्याकडे आणली गेली होती. पाच महिने पाळी आली नव्हती. स्पर्धांच्या दिवसांत ते सोयीचेच वाटले, असे ती सहजपणे म्हणाली. आईला ठाऊक नव्हते. काहीतरी बिनसले आहे, हे प्रथम आजीच्या लक्षात आले होते. नात ताटावरून लवकर उठते, उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते आणि विंचरताना केस फार येतात, एवढेच त्या बाईंनी सांगितले. एवढ्या माहितीवर निम्मे निदान होते.

मुलींच्या बाबतीत दडपणाचे आणखी एक कारण आहे, ते कॉलेज-प्रवेशाचे. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधील खेळांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले. १९९७ पासून महिलांच्या रोइंगला तेथील आंतरविद्यापीठ संघटनेची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा मिळाली. शिष्यवृत्त्या आल्या, आणि मग व्यायामयंत्रावरील २००० मीटरची वेळ पालक परीक्षेच्या गुणांप्रमाणे एकमेकांना सांगू लागले. आपल्या समाजाला या वाटेवर वळण्यास वेळ लागत नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर आनंदच आहे. तेवढ्यासाठी चौदाव्या वर्षापासून मुलीचे ताट मोजू नये.

तेव्हा या उन्हाळ्यात जे जाणार आहेत त्यांनी घडीची खुर्ची, टोपी, पहाटेसाठी स्वेटर आणि चिखलात चालतील असे बूट बरोबर घ्यावेत. नौका खांद्यावर घेऊन मुले येताना दिसली की तत्काळ बाजूला व्हावे. ती नौका सतरा-अठरा मीटर लांब असते आणि वळताना तिचे टोक पाहुण्यांचा मुलाहिजा ठेवत नाही. तळहातावरचे फोड पाहून घाबरू नये, फोडूही नयेत. स्वच्छ ठेवून झाकावेत. बहुतेक संघांचा एक तंबू असतो आणि पालक आळीपाळीने खाणे आणतात. तेथे दडपे पोहे, इडल्या, मेथीचे ठेपले ठेवावेत. परक्या मुलांनाही ते आवडतात. शर्यत संपवून मुले तंबूत आली की कितवा क्रमांक आला ते आधी विचारू नये. नात काय खाते आहे, किती खाते आहे, की ताटली हातात घेऊन नुसतीच मैत्रिणींशी बोलत उभी आहे, हे खुर्चीवरूनच नीट पाहावे.