पाणी कोणी घातले?



भातसानगरच्या धरणावर उभे राहिले की खाली अथांग पाणी दिसते. हे पाणी मुंबईला जाते. तानसाचे जाते, वैतरणेचे जाते, भातसाचे जाते. तानसाचे तर १८९२ पासून जाते आहे. मुंबईच्या नळाचे बहुतेक पाणी ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांतले, आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा आपल्या भातसाचा. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. आमचे पाणी शहराला जाते त्याची नोंद आमच्या खात्यावर कोणी करत नाही. पण आमच्या दुधाच्या किटलीत थेंबभर पाणी असल्याचा नुसता संशय आला, तर तो चिठ्ठीवर छापून हातात देतात!

गेल्या वैशाखातली घरची गोष्ट सांगतो. सकाळी धार काढली आणि गाईचे दूध तसेच कोमट किटलीत घेऊन संकलन केंद्रावर गेलो. केंद्राचे नाव सांगत नाही, कारण हे एकाच केंद्राचे दुखणे नाही. पोराने काच दुधात सोडली. "काका, डिग्री सव्वीस. पाणी आहे यात." मी म्हटले, "बाळा, आमच्या विहिरीत पाणी असते तर म्हैस विकली असती का?" आजूबाजूचे हसले. मी पण हसलो. पण चिठ्ठी घेऊन घरी येताना ते हसू घशात अडकले. पैसे कापले त्याचे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख हे की चार माणसांत चोर ठरलो.

म्हणून आज या चोरीचा हिशेब मांडू. भाषणाने नाही, शास्त्राने.

मृगाच्या आधी आपण भाताचे बी निवडतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बियाणे ओतायचे. पोचट दाणा वर तरंगतो, भरीव दाणा तळाला बसतो. वरचा काढून टाकायचा, खालचा दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. साध्या पाण्यात जो हलका दाणा बुडला असता तो मिठाच्या पाण्यात का तरंगतो? कारण मीठ विरघळले की पाणी जड होते. म्हणजे पाण्यात काही विरघळले की पाण्याचा स्वभाव बदलतो हे शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

दूध म्हणजे तेच. गाईच्या शंभर भाग दुधात सत्त्याऐंशीच्या आसपास पाणीच असते. ते गाईनेच घातलेले असते! त्या पाण्यात दुधाची साखर आणि क्षार विरघळलेले, प्रथिने मिसळलेली आणि स्निग्धांश तरंगत असलेला. साखर, क्षार, प्रथिने दुधाला जड करतात आणि स्निग्धांश हलके करतो. लॅक्टोमीटरची काच फक्त हा जडपणा मोजते. पाणी आहे की नाही हे ती मोजत नाही. पाण्यापेक्षा दूध हजारी किती जड, एवढेच ती सांगते. तीस डिग्री म्हणजे पाणी हजार असेल तर दूध एक हजार तीस.

आता बघा, या काचेवर न्याय टांगला तर काय होते.

एक. दूध तापले की फुगते, हलके होते आणि डिग्री उतरते. प्रत्येक काच ठरावीक तापमानाला बेतलेली असते, कोणती २७ अंशाला तर कोणती साडेपंधरा अंशाला. नुकत्या काढलेल्या दुधाचे तापमान पस्तीस अंश असले, तर २७ अंशाच्या काचेवर सुमारे दीड डिग्री कमी दिसते. आता एसएनएफचे गणित पाहा. रिचमंडचे सूत्र असो की त्याची भावंडे, सगळ्यांत डिग्रीचा चौथा भाग धरतात. दीड डिग्रीचा चौथा भाग म्हणजे जवळजवळ चार पॉइंट. थर्मामीटर न लावता डिग्री वाचली की गरम दुधाचे चार पॉइंट गेले. कोणाच्या खिशातून गेले, हे सांगायला नको.

दोन. ताज्या दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि स्निग्धांश अजून घट्ट झालेला नसतो. काही तासांनी त्याच दुधाची डिग्री आपोआप चढते. घाईने वाचली तर तोटा शेतकऱ्याचा.

तीन. मलई काढली की डिग्री चढते, आणि मग पाणी ओतले की ती पुन्हा तिसावर येऊन बसते. जिथे फॅट तपासत नाहीत, नुसती काच बुडवतात, तिथे दोनदा चोरी करणारा सुटतो. साय भरलेले दूध आणणारा प्रामाणिक माणूस अडकतो.

"हे जुने झाले," असे कोणी म्हणेल. "आता यंत्र आहे. पाण्याची टक्केवारी छापून येते." भावांनो, त्या छापील आकड्याला फसू नका. संकलन केंद्रावरची बरीच स्वयंचलित यंत्रे पाणी मोजत नाहीत. ती दुधातले घटक अंदाजतात आणि त्यावरून गणिताने पाण्याचा आकडा काढतात. घटक कमी दिसले की यंत्र म्हणते पाणी. पण वैशाखात हिरवा चारा नसतो, पेंड परवडत नाही, गाय सुक्या पेंढ्यावर दिवस काढते, उन्हाने धापा टाकते. तिचे एसएनएफ साडेआठाचे आठ होते, कधी त्याखाली जाते. यात पाणी कोणी घातले? गाईने घातले की दुष्काळाने?

मग खरे कसे कळायचे? कळते. शंभर वर्षांपासून कळते.

जत्रेतला कुल्फीवाला आठवा. बर्फात खडेमीठ टाकतो तेव्हाच त्याची कुल्फी गोठते. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. ते उणे अंशात जाऊनही पातळ राहते, म्हणून मीठ लागलेला बर्फ वितळत जातो आणि डब्यातली उष्णता ओढून घेतो. पाण्यात काहीही विरघळले की त्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो. किती खाली, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते. त्यांच्या वजनावर नाही आणि जातीवर नाही. फ्रान्सच्या राऊल्टने १८८० च्या दशकात हा नियम पक्का केला. अमेरिकेच्या हॉर्टव्हेटने १९२१ मध्ये त्यावरून दूध तपासायचे उपकरण प्रसिद्ध केले. त्याला क्रायोस्कोप म्हणतात.

या नियमाची दुधातली गंमत बघा. निर्भेळ दूध उणे ०.५२ ते उणे ०.५५ अंशाच्या आसपास गोठते. हा आकडा गाय, म्हैस, चारा, वेत यांनी फारसा हलत नाही, कारण दुधातल्या विरघळलेल्या कणांचा मेळ गाईच्या रक्ताशी बसलेला असतो आणि तो मेळ तिचे शरीरच सांभाळते. साखर कमी झाली तर क्षार वाढतात. फॅट कमी-जास्त झाले तरी गोठणबिंदू जागचा फारसा सरकत नाही. पाणी मिसळले की मात्र तो शून्याकडे सरकतो. उणे ०.५४ चे दूध उणे ०.४९ च्या जवळ आले तर त्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी आहे. चमचाभर दूध आणि काही मिनिटे पुरतात.

म्हणजे एसएनएफ कमी पण गोठणबिंदू बरोबर असेल तर शेतकरी निर्दोष. गाय उपाशी आहे, मालक चोर नाही. आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकलेला असेल तर पाणी आहे, मग कोणाचीही गय करू नका. आम्ही पाणी घालणाऱ्याची वकिली करायला बसलेलो नाही. तो आधी आपल्या शेजाऱ्याचा गुन्हेगार आहे, कारण त्याच्यामुळे सगळ्या गावाच्या दुधावर बोट उठते.

कोणी म्हणेल, "लबाड माणूस युरिया घालून गोठणबिंदूही फसवेल." घालू दे. युरियाचा कण लहान, म्हणून थोड्या वजनात गोठणबिंदू जागेवर येतो, पण दूध जड होत नाही आणि डिग्री पकडून देते. मीठ घालून डिग्री जुळवली तर गोठणबिंदू गरजेपेक्षा कितीतरी खाली जातो आणि पुन्हा सापडतो. साखर दोन्हीकडे बरीचशी जुळते, पण तिची वेगळी सोपी चाचणी आहे. एक काच फसते, दोन मापे मिळून सहसा फसत नाहीत. एवढे सोपे शास्त्र आहे तर ते आमच्यापर्यंत का येत नाही? कारण आमच्यावरचा संशय कोणाच्या तरी फायद्याचा आहे.

आता टोन्ड दुधाकडे बघा. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्किम पावडर घालून फॅट तीन टक्क्यांवर आणायचे, एसएनएफ साडेआठ ठेवायचे. ही युक्ती १९४० च्या दशकात मुंबईतच दारा खुरोडींनी काढली असे मानतात. ते कायदेशीर आहे, पिशवीवर छापलेले असते, गरिबाला परवडते. आमचा त्याला आक्षेप नाही. आक्षेप एवढाच की डेअरीत मिसळलेल्या पाण्याला तंत्रज्ञान म्हणतात आणि आमच्या किटलीत न घातलेल्या पाण्याला चोरी!

२०२३ च्या जुलैत सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये भाव ठरवला होता. कागदावरचा भाव कोणाच्या पदरात किती दिवस पडला ते तुम्ही जाणता. पण भाव कितीही ठरवा, तो ज्या मापावर उभा आहे ते माप दुसऱ्याच्या हातात असेल तर भाव मिळणारच नाही. पूर्वी सावकार तराजूत पासंग ठेवायचा. आज पासंग दिसत नाही, तो सूत्रात असतो.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या मांडू :

१. डिग्री शेतकऱ्यासमोर, थर्मामीटर लावून, तापमानाची दुरुस्ती करूनच वाचावी.

२. एसएनएफचे सूत्र आणि प्रत्येक पॉइंटची कपात केंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहावी.

३. चिठ्ठीवर "एसएनएफ कमी" आणि "पाणी" या दोन वेगळ्या नोंदी असाव्यात. पहिला भावाचा प्रश्न आहे, दुसरा अब्रूचा.

४. गोठणबिंदू प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कोणावरही पाण्याचा ठपका ठेवू नये. प्रत्येक केंद्रावर क्रायोस्कोप नसेल तर शहापूरला एक आणि मुरबाडला एक ठेवा.

५. वादातल्या दुधाचा अर्धा नमुना सीलबंद करून शेतकऱ्याच्या हातात द्यावा.

यात फुकट काही मागितलेले नाही. अनुदान नाही, दया नाही. फक्त खरे माप मागितले आहे.

आणि तोवर? या बैठकीपासून प्रत्येकाने घरात एक थर्मामीटर आणि एक लॅक्टोमीटर ठेवावा. दूध केंद्रावर नेण्याआधी तापमान आणि डिग्री वहीत लिहावी. महिनाभराच्या दहा वह्या एकत्र आल्या तर त्या पोराशी वाद घालावा लागणार नाही. वह्याच बोलतील. मिठाच्या पाण्यात आपण पोचट दाणा ओळखतो. आता पोचट आकडा ओळखायला शिकू.