सुब्बारावांची फाईल तुमच्या टेबलावर आली असती तर

विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि निवड समित्यांवर बसणारे सर्व मान्यवर यांस,



डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा अर्ज पदोन्नतीसाठी तुमच्यापुढे आला आहे, असं घटकाभर धरून चालू. जन्म १८९५, भीमावरम. मद्रासला वैद्यकीचं शिक्षण झालं. पण शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा गाऊन घातला म्हणून प्राध्यापकांची खप्पामर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी कनिष्ठ एलएमएस हाती आली. म्हणजे शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यातच पहिली काट.

पुढे बोस्टन. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर संशोधन. १९२५ साली या दोघांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत छापली. नमुन्यात मॉलिब्डेट घालायचं, मग क्षपणक. नळीत निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं फॉस्फरस जास्त. जीवरसायनशास्त्राच्या कितीतरी पिढ्यांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला हा निळा रंग पाहिला आहे. ज्यांनी ज्यांनी संशोधनात ही पद्धत वापरली, त्यांनी संदर्भात फिस्के-सुब्बाराव लिहिलं. त्यामुळे हा शोधनिबंध जगातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या निबंधांत गणला जातो. तुमची समिती खूश होईल.

आता ल्युकेमियाचा रकाना उघडा.

हार्वर्डने कायम केलं नाही, तेव्हा १९४० साली सुब्बाराव लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केलं. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांना वाटलं की फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्यं दिल्यावर ल्युकेमियाच्या मुलांचा आजार उलट भडकतो. मग या आम्लाचं काम अडवणारं काही मिळालं तर? लेडर्लीतून अमिनोप्टेरिन आलं. डिसेंबर १९४७ मध्ये एका लहान मुलाला ते दिलं गेलं आणि जून १९४८ मध्ये निबंध छापून आला: १६ मुलं, त्यांतल्या १० जणांना उतार. तात्पुरता होता, पण होता. निबंधाला पाच लेखक आहेत. त्यांत सुब्बाराव नाहीत. ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, ते गेले.

याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना देतात: आठवड्यातून एकदा गोळ्या आणि मणक्यातून टोचायचा पिवळा द्रव. डोस लिहिताना कुठला डॉक्टर १९४८चा संदर्भ देतो? औषध रोजच्या कामात इतकं मुरलं की सायटेशनची गरजच संपली. हत्यार कोणी वापरलं हे सायटेशन सांगतं. कोणाचं मूल घरी गेलं, हे त्याच्या कक्षेतच नाही. सायटेशन खोटं आहे असं मी म्हणत नाही. फॉस्फरसची पद्धत चालत होती म्हणूनच लोकांनी तिचं नाव घेतलं.

जाता जाता, फॉलिक आम्लाच्या कथेचा एक धागा आपल्या परळमधला आहे. ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी १९२८पासून तिथल्या हाफकिन संस्थेत राहून गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. अर्कातलं ते द्रव्य पुढे फॉलिक आम्ल निघालं. आज कर्करोगाचं टाटा रुग्णालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तुमच्या २०१८च्या नियमावलीतलं कोष्टक सुब्बारावांना लावून पाहा. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०. फॉस्फरसचे ७० टक्के मिळाले. ल्युकेमियाचा भोपळा! नव्या नियमांच्या जानेवारी २०२५च्या मसुद्यात हे कोष्टक गळालं, हे बरंच झालं. पण फायली तपासायला मी बऱ्याच वर्षांपासून बसतो आहे. कोष्टक गेलं तरी नजर आधी सायटेशनवरून काढलेल्या एच-इंडेक्सच्या आकड्याकडे जाते. आणि संस्थांच्या रँकिंगमध्ये सायटेशन मोजलं जातंच, तेव्हा प्राचार्यांचा तगादाही सुटत नाही.

याचा फटका कोणाला बसतो ते सांगतो. अस्थिमज्जेच्या स्लाइड वर्षानुवर्षं एकाच कसोशीने वाचणाऱ्याला. उपचार अर्धवट टाकून गावी गेलेल्या मुलाच्या बापाला फोन करकरून परत आणणाऱ्याला, ज्याच्यामुळे पाच वर्षांनी 'किती मुलं जगली' हे सांगता येतं. यांची नावं लेखकांच्या यादीत आली तर तिसाव्या क्रमांकावर, नाहीतर आभारात.

माझी मागणी छोटी आहे. अर्जात एक पान असं ठेवा जिथे उमेदवाराने लेखक-यादीबाहेरचं काम लिहावं, आणि ते काम ज्याने वापरलं त्याचं पत्र जोडावं, मग तो डॉक्टर असो, कंपनी असो की जिल्हा रुग्णालय. ते पान वाचायला त्या विषयाचा एक तरी माणूस समितीत असावा, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्या पानावरचा विचारावा. पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक